गिरणीवर आलेला फोन

१

फोन आला तेव्हा शेषेरावाची पिठाची गिरणी चालू होती. चालू गिरणीत फोन कानाला लावून उपयोग नसतो, म्हणून शेषेराव तो कायम स्पीकरवर ठेवायचा. मुदखेडच्या पलीकडच्या त्या वाडीत रेंज येते ती फक्त गिरणीच्या ओट्यावर. त्यामुळं गॅस असो, बँक असो की शाळा, निम्म्या वाडीनं शेषेरावाचाच नंबर देऊन ठेवलेला. फोन आला की तो नाव ऐकायचा आणि ज्याचा असेल त्याला हाळी द्यायचा. आजवर त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्या सकाळी बायका ज्वारीचे डबे पुढं ठेवून बसल्या होत्या. फोनमधून गोड आवाज आला. "ऋतुजा सटवाजी पुयड यांच्या घरून बोलताय ना? तुमच्या मुलीला फीट येतात, डाव्या हातापासून सुरू होतात. आमच्याकडं त्यावर खात्रीचं औषध आहे, सर."

शेषेराव घाबरला आणि त्यानं गिरणीचं बटण बंद केलं. तिथंच चुकलं. पट्टा थांबला आणि पुढचं वाक्य ओट्यावरच्या प्रत्येकीला स्वच्छ ऐकू आलं. "वसतिगृहात कुणाला सांगितलेलं नाही, असं दिसतंय इथं. काळजी करू नका, आम्हीही सांगणार नाही."

दिवस मावळायच्या आत वाडीला कळलं. आणि सटवाजीनं, घाबरलेला बाप करतो तेच केलं. त्याच ओट्यावरून त्यानं लातूरला वसतिगृहात फोन लावला आणि विचारलं, "बाई, माझ्या पोरीला फीट येतात का?"

दुसऱ्या दिवशी ऋतुजा बॅगेसकट घरी आली. सोबत निरोप होता: सोमवारपर्यंत डॉक्टरचं पत्र आणा, नाहीतर पलंग दुसरीला देऊ. नीटची परीक्षा तोंडावर आली होती. लातूरला त्या दिवसांत वसतिगृहातला एक पलंग सुटला की त्यावर नजर ठेवून दहा घरं बसलेली असतात.

सटवाजीनं हे सगळं ॲडव्होकेट राजकन्या वडजे हिला नांदेडला, वजिराबादेतल्या तिच्या कार्यालयात सांगितलं. वकिलीत येण्याआधी राजकन्या रसायनशास्त्र शिकवायची. त्या सवयीनं ती समोरच्याचं बोलणं ऐकताना आधी हे बघायची, की कशात काय मिसळलंय.

"पोरगी गप हाय, वकीलबाई," सटवाजी म्हणाला. "रडत न्हाई, जेवत न्हाई. बॅग सुदीक उघडली न्हाई तिनं. तिची माय चतुराबाई रोज ताट वाढून राहिली अन् रोज झाकून ठेवून राहिली."

"तिला फीट येताना तुम्ही कधी पाहिलंय?"

"कवाच न्हाई. पर त्या फोनवाल्या बाईला ठाऊक अन् बापाला न्हाई, ही कशी गत?"

ऋतुजा बापाशेजारीच बसली होती. सडसडीत, सतरा वर्षांची, वेणी घट्ट बांधलेली. राजकन्यानं विचारलं, "क्लासच्या अ‍ॅपवर डॉक्टरांना प्रश्न विचारायची सोय आहे म्हणे. तिथं हे तू विचारलं होतंस?"

"माझ्या नावावर आहे ना," ऋतुजा म्हणाली.

"तुला फीट येतात?"

ती बापाच्या चपलांकडं बघत राहिली. "येतात."

"मग घाबरू नकोस. नांदेडात मेंदूचे चांगले डॉक्टर आहेत. आजच तपासून घेऊ. गोळ्या चालू असताना शिकायला काही अडचण नाही, असं ते लिहून देतील. सोमवारच्या आत तू लातूरला."

आजारी माणसाचा चेहरा एवढं ऐकून सैल पडतो. ऋतुजाचा पांढराफटक पडला.

"डॉक्टर नको," ती म्हणाली. "ताई, बाकी काहीही करा. डॉक्टरकडं नेऊ नका."

राजकन्याला तेव्हा पहिल्यांदा शंका आली. या मुलीला आजाराची भीती नव्हती. तपासणीची होती.

२

शनिवारी राजकन्या सटवाजीला घेऊन लातूरच्या एसटीत बसली. लोहा मागं पडलं तसा सटवाजी तिच्याकडं वळला. मग म्हणाला, "कायद्यात काय हाय आपल्यासाठी? का नुसतंच तोंड दाबून बुक्क्यांचा मार?"

"आहे. दारं तीन-चार आहेत," राजकन्या म्हणाली. "पहिलं, क्लासच्या कंपनीलाच लेखी नोटीस. तक्रारी ऐकायला त्यांना माणूस नेमावा लागतो. मुलीची कोणती माहिती घेतली, कुणाला दिली, ते त्याला विचारायचं. दुसरं, सायबर पोलीस. आजाराची माहिती विश्वासानं दिलेली असते. ती बाहेर पोचवणं गुन्हा ठरू शकतो."

"अन् कोर्ट? लातूरला खेटे घालायची ताकद न्हाई माझ्यात. हरभरा सोडून येऊ का?"

"ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणजे नांदेडात. फी घेऊन सेवा दिली आणि माहिती सांभाळली नाही, ही सेवेतली कसूर. शिवाय माहिती तंत्रज्ञानाचा जुना कायदा आहे. आजाराची माहिती निष्काळजीपणानं फुटली, तर मुंबईतल्या अधिकाऱ्यापुढं भरपाई मागता येते."

"टीव्हीवर नवा कायदा म्हनत होते, दोनशे कोटींचा दंड."

"अडीचशेपर्यंत. पण तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या हातात काही पडत नाही. आणि त्या कायद्याची सगळी कलमं अजून लागूही झालेली नाहीत."

सटवाजी हसला. त्या आठवड्यातलं ते त्याचं पहिलं हसू असावं. "म्हंजे म्हैस आपली अन् दूध सरकारचं."

"पण सटवाजीमामा, दार कोणतंही ठोठावा, आत प्रश्न एकच विचारतील. माहिती फुटली ती कुठून? कंपनी म्हणणार, मुलीनंच मैत्रिणींना सांगितलं, त्यातून बाहेर गेलं. तसं नाही, हे आपल्याला दाखवावं लागेल."

"अन् न्हाई दाखवता आलं तर?"

राजकन्यानं खिडकीबाहेर पाहिलं. अहमदपूरच्या अलीकडं रस्त्यालगत हरभऱ्याच्या गंजी लागल्या होत्या.

३

ऋतुजाचा क्लास आणि वसतिगृह चालवणाऱ्या 'शिखरवेध अकादमी'चं कार्यालय काचेचं होतं आणि आत थंडगार होतं. व्यवस्थापक भागवत यांनी दोघांना चहा मागवला आणि सटवाजीला 'काका' म्हटलं.

"आम्ही हातावर हात ठेवून बसलेलो नाही, मॅडम. चौकशी झाली. अ‍ॅपवर मुलांच्या प्रश्नांना डॉक्टर शिवशंकर उत्तरं देतात. फुटलंय ते त्यांच्याकडूनच. कालपासून त्यांना घरी बसवलंय. एका माणसाची चूक आहे. संस्थेची नाही."

"त्यांनी कबूल केलं?"

"कबूल कोण करतं?" भागवत हसले. मग त्यांनी एक छापील कागद सटवाजीपुढं सरकवला. "काका, मुलीचं वर्ष वाया जाऊ नये ही आमचीही इच्छा आहे. संस्थेकडून कोणतीही माहिती बाहेर गेलेली नाही, एवढ्यावर सही करा. डॉक्टरचं पत्रही नको. पलंग तिचाच."

सटवाजीचा हात खिशातल्या पेनाकडं गेला. राजकन्यानं त्याला अडवलं नाही, फक्त कागद उचलून वाचू लागली. "सोमवारपर्यंत वेळ आहे ना?"

"सोमवार सकाळ. त्यानंतर माझ्या हातात नाही." भागवतांचा आवाज जरा कडक झाला. "आणि मॅडम, थोडी चूक पालकांचीही आहे. पिठाच्या गिरणीचा नंबर देतं का कुणी? आमच्या हैदराबादच्या फोनवाल्या मुली तक्रार करतात. उन्हाळी कोर्सचं सांगायला फोन लावला, की चक्कीची घरघरच ऐकू येते."

"खरंय," राजकन्या म्हणाली. कागद तिनं पर्समध्ये ठेवला.

बाहेर आल्यावर सटवाजी जिन्यातच थांबला. "वकीलबाई, मी सही करतो. पोरीचा पलंग हाय तो. इज्जत तर गिरणीवर गेलीच."

"सोमवार सकाळपर्यंत मला द्या," राजकन्या म्हणाली. तिचा अंदाज चुकला तर किंमत ती मोजणार नव्हती. ऋतुजा मोजणार होती.

४

डॉ. शिवशंकर घरासमोरच्या पायरीवर बसले होते. माणूस खचलेला दिसत होता.

"मला मुलांची नावं दिसतच नाहीत," ते म्हणाले. "नुसता क्रमांक दिसतो. मुलं मोकळेपणानं विचारतील, म्हणून सुरुवातीलाच तसं ठरलं होतं. हा प्रश्न मात्र चांगला लक्षात आहे. रोजच्या जेवणाच्या वेळेला आला होता. सातवीपासून फीट येते, डावा हात आधी उडतो, वसतिगृहात कुणाला माहीत नाही, परीक्षेला बसू देतील का? मी लिहिलं, नक्की देतील. गोळी चुकवू नकोस, खालच्या पलंगावर झोप, आणि जागरण अजिबात करू नकोस. जागरणानं फीट ओढवते."

"ही मुलगी कोण, ते तुम्हाला कधी कळलं?"

"मला कामावरून काढलं, त्या दिवशी."

वसतिगृहाच्या रेक्टर मनकर्णाबाई मात्र खचलेल्या नव्हत्या. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून त्या भाजीवर लक्ष ठेवत होत्या.

"मी पोरीला हाकललं न्हाई बरं का," त्या आधीच म्हणाल्या. "वरून हुकूम आला. मला तर बापाचा नंबर बी ठाऊक नव्हता. माझ्याकडं मामाचा नंबर हाय, इथं लातूरला राहतो तो. गिरणी काय अन् चक्की काय, हा बाबा फोनवर बोलला तवा कळलं."

"ऋतुजा कशी मुलगी आहे?"

"डोकं खाणारी. रोज माझ्याशी भांडण. काय, तर साडेनऊला खोलीतला दिवा घालवा. बाकीच्या पोरी दिव्यासाठी भांडतात, ही अंधारासाठी. अन् स्वतः जिन्यात बसून बारापर्यंत वाचणार. पहाटे माझ्या आधी उठून तोंड धुणार. हिला कसल्या फिटा? हिच्यामुळं मलाच यायच्या."

राजकन्या वहीत काही लिहीत नव्हती. ती मनकर्णाबाईंकडं बघत होती. "खोलीतल्या बाकीच्या मुली?"

"हिला धरून चौघी. दोघी उदगीरच्या, चुलत बहिणी. अन् सिंधु, धर्माबादची. गरीब गाय. फक्त तिखटाच्या बाबतीत लई चिक्कू." मनकर्णाबाईंना हा विषय जिव्हाळ्याचा होता. "धर्माबादचं तिखट म्हंजे काय सांगावं. हिनं घरून डबाभर आणलंय. आमची आमटी रोज अळणी, पोरी नावं ठेवतात, पर ही डबा खोलणार न्हाई. मैत्रिणीला देत न्हाई, स्वतः बी घेत न्हाई. मी म्हणलं, तुझ्या मायनं, नागम्मानं, डबा काय पूजेला दिलाय का?"

"आणि हे अ‍ॅप? मुलींकडं फोन तर नसतात."

"फोन कुठले. खोलीला एक टॅब, जेवणाआधी घडीभर. रोजचा अभ्यासाचा आढावा भरल्याशिवाय जेवणाचं कुपनच निघत न्हाई. भूक लागल्यावर चौघी येगळं-येगळं कुठं बसतात? ज्या पोरीचं नाव टॅबात आधीच उघडं असंल, तिच्याच नावात समद्या उरकतात. मग हिचं तिच्यात अन् तिचं हिच्यात. पोटासाठी, दुसरं काय."

सटवाजी कंटाळून भिंतीला टेकला होता. राजकन्या मात्र खुर्चीच्या टोकाशी येऊन बसली होती.

"मनकर्णाबाई, त्या खोलीत खालच्या पलंगावर कोण झोपतं?"

"खालचा ऋतुजाला लागला होता. तिनं पहिल्याच महिन्यात सिंधुला दिला." एवढं बोलून मनकर्णाबाई थांबल्या. त्यांचा हात तोंडाकडं गेला.

५

संध्याकाळच्या एसटीत राजकन्यानं सटवाजीला समजावून सांगितलं. हलक्या आवाजात, कारण पुढच्या बाकावर कोण बसलंय ते माहीत नव्हतं.

"ज्याला फीट येते त्यानं जागरण करायचं नसतं. तुमची मुलगी बारापर्यंत जागते आणि पहाटे उठते. मग साडेनऊचा अंधार ती कुणाच्या झोपेसाठी मागत होती? खालचा पलंग तिनं कुणाला दिला? आणि तिखटाचा जो डबा जेवताना कधी उघडत नाही, त्यात तिखट कशाला असेल? गोळ्या आहेत त्यात."

सटवाजी सरळ होऊन बसला. "म्हंजे माझी पोरगी चांगली हाय."

"ठणठणीत. प्रश्न सिंधुनं विचारला, ऋतुजाच्या नावावर, तिच्याच परवानगीनं. म्हणून ऋतुजा डॉक्टरकडं यायला तयार नाही. डॉक्टर म्हणतील हिला काही नाही, मग लोक विचारतील, तर मग कुणाला आहे?"

"आन् माहिती फुटली कुठून, ते?"

"तेही त्यातच आहे. सिंधुच्या मैत्रिणींपैकी कुणी तोंड उघडलं असतं, तर नाव सिंधुचं आलं असतं. ऋतुजा आजारी आहे असं जगात एकालाच वाटत होतं. कंपनीच्या मशीनला, म्हणजे कॉम्प्युटरला. माणसानं सांगितलेली बातमी अशी चुकत नाही, मामा. मशीनमधून काढलेली चुकते."

"मंग झालं की. सोमवारी हेच सांगू."

"सांगता येत नाही." राजकन्या म्हणाली. "हे सांगितलं, की सिंधु उघडी पडते. तिनं आपलं काही वाईट केलेलं नाही. तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय मी तिचं नाव घेणार नाही."

रविवारी तिनं वाडीत जाऊन ऋतुजाला एवढंच विचारलं, "डबा तिखटाचाच आहे ना?" ऋतुजा तेव्हा पहिल्यांदा रडली. हुंदके देत म्हणाली, "मी शब्द दिलाय, ताई. मी सही करायला सांगते बाबांना. तिचा पलंग गेला तर ती घरीच बसेल."

म्हणजे कोडं सुटलं होतं आणि उत्तराची कुलूपबंद पेटी राजकन्याच्या हातात होती. सोमवार सकाळ काही तासांवर आली होती. सटवाजीनं पेन खिशाला लावूनच ठेवलं होतं.

६

सोमवारी भागवतांच्या टेबलावर तोच कागद पुन्हा आला. सटवाजीनं पेनाचं टोपण काढलं. ऋतुजा मान खाली घालून बसली होती.

तेवढ्यात काचेचं दार ढकलून मनकर्णाबाई आत आल्या. त्यांच्यामागं प्रवासानं चुरगळलेल्या लुगड्यातली एक बाई होती, आणि तिचा पदर धरून सिंधु. सिंधुच्या हातात पितळी डबा होता.

"कुणी बोलावलं तुम्हाला?" भागवत म्हणाले.

"मीच आणलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी खोलीत कुणाला कायबी विचारलं न्हाई. फक्त म्हणलं, ऋतुजाचा बाप सोमवारी सही करणार हाय. बाकी पोरीनं स्वतःच मायला फोन लावला, माझ्यासमोर."

ती बाई सरळ ऋतुजापाशी गेली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. "बिड्डा," ती म्हणाली. लेकराला धर्माबादकडं तसंच म्हणतात. "माझ्या लेकीचं दुखणं तू अंगावर घेतलंस. मीच तिला म्हणलं होतं, कुणाला कळू देऊ नको, पोरीची जात हाय. चूक माझी." मग ती राजकन्याकडं वळली. "मी नागम्मा. नाव लिवा, बाई. खरं नाव लिवा."

सिंधुनं डबा टेबलावर ठेवला. झाकणाखाली बोटभर तिखट होतं, आणि त्याच्याखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गोळ्या.

भागवत लगेच सावरले. "म्हणजे ऋतुजाच्या नावावर दुसऱ्या मुलीनं लिहिलं. हा नियमभंग आहे, मॅडम. आणि आजार ऋतुजाचा नाहीच, तर तिची तक्रार कसली?"

"सांगते," राजकन्या म्हणाली. "फोनवर तीन गोष्टी एकत्र आल्या. नाव, आजार, आणि गिरणीचा नंबर. डॉ. शिवशंकरांना आजार माहीत होता, नाव नव्हतं. मनकर्णाबाईंना नाव माहीत होतं, पण नंबर मामाचा. प्रवेश देणाऱ्या खिडकीला गिरणीचा नंबर माहीत होता, पण आजार नाही. मैत्रिणींना खरं काय ते माहीत होतं, आणि फोनवर आलं ते खोटं. तिन्ही गोष्टी एका जागी, त्याही चुकीच्या जोडलेल्या, फक्त तुमच्या मशीनमध्ये होत्या. आणि ते मशीन कोण उघडतं, हे शनिवारी तुम्हीच सांगितलंत."

"मी?"

"उन्हाळी कोर्स विकायला हैदराबादहून फोन करणाऱ्या मुली. गिरणीचा नंबर त्यांच्यापुढं असतो. फोनवरची बाई म्हणाली होती, 'असं दिसतंय इथं'. त्यांच्या पडद्यावर मुलांचे आजारही तुम्ही उघडे टाकलेत. तिथून औषध विकणाऱ्यांपर्यंत कसं गेलं, ते पोलीस शोधतील. पण दार उघडं तुम्ही ठेवलंत. एका डॉक्टरच्या माथी मारून ते बंद होणार नाही."

भागवतांनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"आणि तक्रार एक नाही, दोन आहेत," राजकन्या पुढं म्हणाली. "एकीचं नाव फुटलं, दुसरीचं दुखणं. नियमभंगाचं म्हणाल, तर उपाशी पोरींनी कुपनासाठी एकाच नावावर उरकावं, ही पद्धत तुमचीच. नोटीस आज देतेय. पुढचं नांदेडात. दोन्ही घरं त्याच जिल्ह्यातली आहेत."

"मुली मात्र आम्हाला..." भागवत म्हणू लागले.

"दोघींचा पलंग हाय तिथंच हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "फुटलेल्या माहितीवर पोरी हाकलायच्या असतील, तर आधी मला हाकला. अन् ते बी लिहून द्या."

भागवतांनी मनकर्णाबाईंकडं पाहिलं, राजकन्याकडं पाहिलं, आणि कागद स्वतःच्या हातानं उचलून खणात टाकला.

सटवाजीनं पेनाचं टोपण लावलं. मग पुन्हा काढलं, कारण राजकन्यानं त्याच्यापुढं वकीलपत्र ठेवलं होतं. नागम्मानं आपल्या वकीलपत्रावर एकेक अक्षर जोडत सही केली. निकाल लागायला किती महिने जातील, कुणाला ठाऊक. आणखी किती घरी असे फोन गेले असतील आणि लोक गप्प बसले असतील, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. जिना उतरताना राजकन्याच्या मनात तेच होतं.

त्या रात्री मेसमध्ये आमटी रोजच्यासारखीच अळणी होती. सिंधुनं ताटाशेजारी गोळी ठेवली, सगळ्यांसमोर, पाण्याच्या पेल्याला टेकवून. मग डबा उघडला आणि पहिला चमचा ऋतुजाच्या वाटीत घातला.

"बाई गं," एक घास घेऊन ऋतुजा हाशहुश करत म्हणाली, "एवढं जहाल होतं, म्हणून लपवत होतीस होय?"

मनकर्णाबाईंनी आपली वाटी पुढं केली.